कुत्र्याचे दात साफ करताना भूल द्यावी की नाही? नाशिककरांनो, अनुभव सांगा

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. आमचा चिकू, पांढरा पॉमेरेनियन, नऊ वर्षांचा आहे. हल्ली त्याच्या तोंडाला इतका वास येतो की तो खोलीत आला की कळतं. वरच्या मागच्या दाढांवर तपकिरी किटण चढलंय, हिरडीची कड लालभडक दिसते आणि पोळीचा कडक तुकडा तो एकाच बाजूने चावतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पूर्ण भूल देऊन स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढणं, करावं लागेल, एखाद-दुसरा दात काढावाही लागेल. त्याआधी रक्ततपासणी.

तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासऱ्यांचं म्हणणं, या वयात भूल कशाला, दातच तर आहेत. नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टर सांगतात तर करून घेऊ. त्यात गंगापूर रोडच्या एका ग्रूमिंगवाल्याने सांगितलं की तो भूल न देता हाताने दात खरवडून देतो, अर्ध्या तासात काम होतं आणि पैसेही कमी लागतात. बाबांना ते एकदम पटलंय.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. भुलीचा खरा धोका किती? भूल न देता केलेली सफाई चालते का? आणि तिसरा काही मार्ग आहे का? चिकू माझ्या मुलीइतकाच घरातला आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने सांगा.

सिडकोकर
आमच्या लॅब्राडॉरचं केलंय. सकाळी उपाशीपोटी नेऊन सोडला, संध्याकाळी घरी आणला. त्या रात्री जरा झोकांड्या खात होता. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या काकांची चप्पल पळवली, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. करून टाका.

मनीमाऊची_आई
ताई, त्या ग्रूमिंगवाल्याकडे कृपा करून जाऊ नका.

आमच्या सोसायटीतल्या एका पगचे दात असेच हाताने खरवडून आणले होते. आल्यावर दात चकचकीत दिसले, सगळे खूश. पुढे काही महिन्यांनी त्याच्या डोळ्याखाली गाठ आली. सगळ्यांना वाटलं काहीतरी चावलं असेल. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला. त्या दाढेची मुळं डोळ्याच्या अगदी खाली असतात, म्हणून सूज तिथे दिसते. शेवटी भूल द्यावीच लागली, आणि तीही तोंडात जंतुसंसर्ग असताना.

दिसतो तो भाग साफ झाला म्हणजे रोग गेला असं नाही. रोग हिरडीच्या आत असतो. जागं कुत्रं हिरडीखाली टोकदार हत्यार घालू देईल का? माझं मांजर तर नखं कापतानाही घर डोक्यावर घेतं.

मिसळप्रेमी
एक भाबडा प्रश्न. आपण डेंटिस्टकडे जागेच बसतो ना? मग कुत्र्याला पूर्ण भूल कशाला? हिरडीत सुई दिली तर?

सिडकोकर
आपण 'आ करा' म्हटलं की आ करतो. आमचा लॅब्राडॉर फक्त बिस्किट दिसलं की आ करतो :)

देवळालीचा_वारा
माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. आमचा बॉक्सर दातांच्या सफाईसाठीच नेला होता, दुसऱ्या शहरात. रक्त तपासलं नाही. इंजेक्शन दिलं, आम्हाला बाहेर बसवलं. काम झालं म्हणून सांगितलं आणि अर्धवट गुंगीत असतानाच घरी न्यायला दिला. गाडीत त्याचा श्वास थांबला. सात वर्षांचा होता.

कोणी 'साधी प्रोसिजर आहे' म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. गोदाकाठीताई, तुमच्या सासऱ्यांची भीती खोटी नाही. मी तर म्हणेन, नकोच.

गोठ्याचा_डॉक्टर
देवळालीचा वारा, वाचून फार वाईट वाटलं. याहून दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मी पशुवैद्य आहे. सुरुवात निफाड-पिंपळगाव पट्ट्यात गाई-म्हशींवर झाली, आता कुत्री-मांजरंच जास्त येतात. जे माहीत आहे ते सविस्तर लिहितो.

धोका शून्य नाही. ब्रिटनमध्ये ९८ हजारांहून अधिक कुत्री आणि ७९ हजारांहून अधिक मांजरांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिल्यापासून ४८ तासांच्या आत त्यामुळे दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत साधारण ६०१ मध्ये एक, मांजरांत ४१९ मध्ये एक असं निघालं. पण या सरासरीच्या पोटात शिरून बघा. निरोगी कुत्र्यांत ते १८४९ मध्ये एक होतं आणि आजारी कुत्र्यांत ७५ मध्ये एक. म्हणजे 'भूल धोक्याची आहे का' यापेक्षा 'भूल देताना या कुत्र्याच्या अंगात काय चाललंय' हा प्रश्न मोठा आहे. रक्ततपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे, छातीची तपासणी, गरज पडली तर इको (हृदयाची सोनोग्राफी), हे सगळं त्यासाठी.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट: कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू प्रोसिजर संपल्यानंतर झाले होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. 'काम झालं, घेऊन जा' म्हणणं किती घातक आहे ते यावरून कळेल. कुत्रं स्वतःहून मान धरून बसेपर्यंत, अंग गरम लागेपर्यंत त्याला दवाखान्यातून हलवू नये. बॉक्सर, पग, शिट्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत तर श्वासनळीतली नळी अगदी शेवटपर्यंत ठेवतात, ते गिळायला लागले, नळी चावायला लागले की मगच काढतात.

हे आकडे ब्रिटनचे आहेत. आपल्याकडे दवाखान्या-दवाखान्यांत सोयींचा फार फरक आहे, म्हणून आपल्या दवाखान्यात नेमकं काय आहे ते विचारलंच पाहिजे.

गोठ्याचा_डॉक्टर
मिसळप्रेमी, तुमचं उत्तर राहिलं. हिरडीत बधिर करायची सुई आम्हीही देतो, दात काढताना देतोच. त्यामुळे वरची भूल हलकी ठेवता येते आणि जागं झाल्यावर कमी दुखतं. पण ती भुलीच्या जोडीला असते, भुलीऐवजी नाही. कुत्र्याला ४२ दात असतात. प्रत्येक दाताभोवती प्रोब (मोजायची बारीक सळई) फिरवून हिरडी किती खोल सुटलीय ते मोजायचं, एक्स-रे काढायचे, हिरडीखालचं किटण काढायचं आणि शेवटी पॉलिश करायचं. पॉलिश केलं नाही तर दाताचा पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि त्यावर थर उलट लवकर बसतो. हाताने खरवडणारे हे काहीच करू शकत नाहीत. जगभरातल्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना, वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन, तिच्या दंतोपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही भुलीशिवाय केलेल्या सफाईला स्पष्ट विरोध आहे.

आणखी एक. 'पूर्ण भूल नको, थोडं गुंगीचं इंजेक्शन देऊन उरकू' हे ऐकायला सौम्य वाटतं, पण दातांच्या बाबतीत ते जास्त धोक्याचं आहे. स्केलरमधून, म्हणजे किटण काढायच्या यंत्रातून, सतत पाणी उडत असतं. त्यात किटणाचे कण आणि जंतू असतात. कुत्रं गुंगीत असतं, गिळण्या-खोकण्याची ताकद कमी झालेली असते, आणि ते पाणी सरळ फुफ्फुसात उतरू शकतं. श्वासनळीत नळी घालून तिच्या टोकाचा फुगा फुगवला की ती वाट बंद होते. त्याच नळीतून ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू जातो, त्याचं प्रमाण डायल फिरवून लगेच कमी करता येतं. नुसत्या सुईने दिलेलं औषध एकदा अंगात गेलं की बऱ्याचदा ते उतरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसतं.

देवळालीचा_वारा
नळी घातली होती का, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.

गंगापूर_धरण
सगळं वाचलं. तरी एक सांगतो, आमच्याकडे तिसरी पिढी कुत्री पाळतेय. रविवारी मटणाचं मोठं हाड दिलं की दात मोत्यासारखे. कोणाचंही कधी स्केलिंग केलं नाही. पूर्वीच्या कुत्र्यांना कुठे ब्रश होता?

अनघा_इंदिरानगर
दादा, पूर्वीच्या कुत्र्यांचे दात कोणी उघडून पाहायचं का? म्हातारं झालं की खात नाही, एवढंच म्हणायचो. दुखतंय म्हणून खात नसेल हा विचारच नव्हता.

गोठ्याचा_डॉक्टर
हाडाने वरचं किटण थोडं निघतं हे मान्य. पण माझ्याकडे वरची मोठी दाढ उभी चिरलेली कुत्री येतात, त्यात बहुतेक हाडवालीच असतात. दाढेची एक कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि तरीही कुत्रं शेपूट हलवत जेवतं, त्यामुळे घरच्यांना कळत नाही. शिजवलेलं हाड तर देऊच नये, त्याचे सुईसारखे तुकडे होतात. सोपी कसोटी सांगतो: जी वस्तू तुमच्या नखाने जराही दबत नाही, ती कुत्र्याच्या दातांसाठी फार कडक.

गंगापूर_धरण
ठीक आहे, आमच्या शेरूची दाढ आज बॅटरी लावून बघतो. पण खोबरेल तेल? व्हॉट्सॲपवर फिरतंय.

मनीमाऊची_आई
तेल त्याला आवडेल, चाटेल. किटणावर त्याचा उपयोग होतो असा ठोस पुरावा नाही. बाजारात च्यू स्टिक, पाण्यात घालायची औषधं, पावडरी ढीगभर आहेत. घेताना पाकिटावर व्हीओएचसीचा (व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलचा) शिक्का आहे का ते पाहा. चाचण्यांचे निकाल तपासूनच तो दिला जातो. शिक्का असलेल्या गोष्टीही नवा थर कमी करतात, जुना घट्ट झालेला काढत नाहीत.

अनघा_इंदिरानगर
ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण रोजचं ब्रशिंग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आमच्या शिट्झूला लहानपणापासून सवय लावलीय.

ब्रश पहिल्याच दिवशी तोंडात घालायचा नाही. आधी काही दिवस नुसतं बोट. मी बोटाला सुती कापड गुंडाळायचे, त्याला चिकनच्या पाण्याचा वास लावायचे आणि ओठ वर करून बाहेरच्या बाजूने दोन-चार दात पुसायचे. तोंड उघडायची गरज नाही, ओठ नुसता मागे सरकवायचा. किटण गालाच्या बाजूला जास्त बसतं, त्यामुळे बाहेरची बाजू झाली तरी बरंच काम होतं. मग मऊ दातांचा लहान ब्रश, हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरका धरून छोटे गोल. सगळ्यात मागची वरची दाढ विसरायची नाही. झालं की लगेच बक्षीस. आता संध्याकाळची चहाची भांडी घासून झाली की हा स्वतः बेसिनजवळ येऊन बसतो.

पेस्ट कुत्र्यांचीच हवी. आपली अजिबात नाही. कुत्र्यांना चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असतं, त्याने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते, यकृतही बिघडू शकतं.

आणि रोज म्हणजे रोज. थर घट्ट व्हायला फार वेळ लागत नाही, लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो. रविवारचा ब्रश म्हणजे सोमवारी सुटीवर गेलेला वॉचमन.

मिसळप्रेमी
वॉचमन आवडला. मग चिकूलाही उद्यापासून ब्रश करून चालेल ना? भुलीचा प्रश्नच मिटला.

गोठ्याचा_डॉक्टर
नाही. ब्रश निरोगी तोंडासाठी, किंवा स्केलिंगनंतरच्या तोंडासाठी. सुजलेल्या, दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर त्याला दुखेल आणि तो कायमचा ब्रशला घाबरेल. आधी रोग काढायचा, हिरडी बरी झाली की ब्रश सुरू करायचा.

पंचवटी_पाठक
माझं मत थोडं निराळं. आमची राणी चौदा वर्षांची, हृदयाची झडप गळते, छातीत पाणी झालं होतं. दातांची अवस्था वाईट आहे. आम्ही आणि आमच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं की भूल द्यायची नाही. वेदनाशामक, क्लोरहेक्सिडीनचं जंतुनाशक जेल, मऊ खाणं. भाकरी दुधात कुस्करून देतो. तिला सुखात ठेवायचं एवढंच ध्येय. सगळ्यांना 'करून टाका' म्हणणंही बरोबर नाही.

गोठ्याचा_डॉक्टर
पाठक काका, तुमचा निर्णय अगदी योग्य. हृदयाचा आजार बळावलेला असताना मीही थांबायलाच सांगेन. फक्त वाचणाऱ्यांसाठी एक सांगतो, छातीत नुसता मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आला म्हणून भूल बंद असं नाही. इको करून हृदय किती ताण सोसतंय ते पाहायचं. तसंच वयाचं. वयाबरोबर धोका वाढतो हे खरं, पण नऊ वर्षांचा पॉमेरेनियन म्हणजे फार म्हातारा नव्हे, आणि दुखरं तोंड घेऊन आणखी पाच-सहा वर्षं काढणं हीसुद्धा जोखीमच आहे.

सातपूर_शिफ्टवाला
दवाखान्यात नेमकं विचारायचं काय, ते कोणीतरी एकत्र सांगा ना. आम्ही डॉक्टरांसमोर गप्प होतो.

मनीमाऊची_आई
मी माझ्या मांजरीच्या वेळी विचारलं होतं ते लिहिते. रक्ततपासणी कधीची चालेल? नळी घालणार की नुसती सुई? दात साफ करणाऱ्या डॉक्टरांव्यतिरिक्त भुलीकडे लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकच माणूस दात आणि श्वास दोन्ही बघू शकत नाही. जिभेला ऑक्सिजन मोजायचा क्लिप, रक्तदाब, शक्य असेल तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आहे का? शिरेत सलाईन सुरू असेल का? वीज गेली तर काय सोय? शुद्धीवर येताना जवळ कोण बसेल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या डॉक्टरांनी तर मला आत नेऊन मशीन दाखवलं.

मांजरवाल्यांसाठी खास: मांजरांत दात आतून विरघळत जाण्याचा एक आजार असतो. वरून हिरडी जराशी लाल दिसते, खरं चित्र एक-रेमध्येच कळतं. माझ्या मांजरीचे दोन दात त्यामुळे काढावे लागले. नंतर ती इतकी खेळायला लागली की आधी किती दुखत होतं ते तेव्हा कळलं.

मनीमाऊची_आई
वर 'एक-रे' झालंय, एक्स-रे वाचा.

गोठ्याचा_डॉक्टर
सगळे प्रश्न बरोबर. एक माझ्याकडून: अंग गरम ठेवायची काय सोय आहे? भुलीत शरीराचं तापमान उतरतं, त्यात तोंडात सतत गार पाणी. छोटी कुत्री पटकन गार पडतात आणि मग शुद्धीवर यायला वेळ लागतो.

सिडकोकर
डिसेंबरात निफाडला केलं तर डॉक्टरांना द्राक्षबागेसारख्या शेकोट्याच पेटवाव्या लागतील!

गोठ्याचा_डॉक्टर
हसू नका, मी थंडीत टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो. थेट कातडीला लावायच्या नाहीत, भाजतं.

गोदाकाठी
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. देवळालीचा वारा यांचा वाचताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आधी रक्त तर तपासू.

रिपोर्ट आलाय. यकृत, मूत्रपिंड ठीक. पण प्लेटलेट्स खूप कमी निघाल्या. पुढची तपासणी केली तर एर्लिकिया, म्हणजे गोचीड ताप. वरून काहीच लक्षण नव्हतं, पावसाळ्यात एक-दोन गोचिड्या निघाल्या होत्या तेवढंच. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत दात काढला असता तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं. आता चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग पुन्हा रक्त तपासून, प्लेटलेट्स वर आल्या तरच तारीख. ग्रूमिंगवाल्याकडे गेलो असतो तर हिरडीतून किती रक्त गेलं असतं, या विचारानेच घाबरायला होतंय.

तोवर तोंडाचं काय करू?

गोठ्याचा_डॉक्टर
चांगलं सापडलं. तोवर हिरडीला हात लावू नका, ब्रश नको, कडक च्यू नको. खाणं भिजवून मऊ द्या. वेदनाशामक मनाने देऊ नका, विशेषतः घरातल्या माणसांचं कोणतंही नाही. डॉक्सीची गोळी कोरडी देऊ नका, वर थोडं पाणी किंवा ओलं खाणं द्या, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम होऊ शकते. मांजरांत हा त्रास जास्त होतो, पण कुत्र्यांतही सवय ठेवावी. गोचीड प्रतिबंधाची गोळी किंवा थेंब आता बारा महिने. आणि एकच दात काढायचा असला तरी पूर्ण तोंडाचे एक्स-रे होतील का ते विचारून ठेवा.

देवळालीचा_वारा
ताई, रक्त तपासलंत हे फार बरं केलंत. मी वर 'नकोच' लिहिलं होतं. डॉक्टरांचं सगळं वाचून आता म्हणेन की असं तपासून, नळी घालून, जवळ माणूस बसवून होणार असेल तर करा.

आमच्या घरी गेल्या महिन्यात रस्त्यावरचं एक पिल्लू आलंय, साधारण चार महिन्यांचं. अनघाताई, ब्रशची सवय आत्तापासून लावू का? दुधाचे दात पडतायत, दोन फरशीवर सापडले.

अनघा_इंदिरानगर
दादा, हो, पण दात घासायचे नाहीत. चार ते सहा महिन्यांत दात बदलताना हिरड्या ठणकतात. सध्या फक्त ओठ वर करून बघायचं, बोटाने हलकं दाबायचं, लगेच खाऊ द्यायचा. सातव्या महिन्याच्या सुमारास सगळे पक्के दात आले की कापड, मग ब्रश. आणि दुधाचे सुळे पडले की नाही तेवढं बघत राहा.

गोठ्याचा_डॉक्टर
अनघाताईंना अनुमोदन. दुधाचा सुळा तसाच राहून शेजारी पक्का आला तर दोघांच्या फटीत घाण अडकते. छोट्या जातींत हे फार दिसतं. तसं झालं तर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत तो काढून घ्या, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. त्याही वेळी प्लेटलेट्स आधी तपासायला सांगा.